विद्यापीठातून बाहेर पडताना : सेवासमाप्तीच्या करारातील या चुका टाळा

अमेरिकेतील विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापकापुढे सेवासमाप्तीचा करार (भरपाईच्या बदल्यात नोकरी आणि दावे सोडण्याचा) ठेवला जातो, तेव्हा नजर आधी रकमेवर जाते. माझ्या मते पहिली चूक इथेच होते. या करारात रकमेइतक्याच तारखाही मोलाच्या असतात आणि रक्कम ठरण्यापूर्वीच त्यांची बोलणी व्हायला हवीत.

एच-वन-बी, म्हणजे तज्ज्ञ कामासाठीच्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांना हे सर्वाधिक जाणवते. नोकरी संपल्यावर देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत मिळते आणि मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढीही मिळत नाही. एकरकमी भरपाईने नोकरीचे दिवस वाढत नाहीत. त्यामुळे भरपाईत थोडी घट सोसूनही प्रत्यक्ष काम आणि पगार सत्राच्या अखेरीपर्यंत चालू ठेवता आला, तर मुलांची शाळा आणि नव्या नोकरीचा शोध दोन्ही सावरता येतात. शब्दही जपून निवडावेत. मुक्कामाची मंजूर मुदत संपण्याआधी विद्यापीठाने स्वतः नोकरी संपवली, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च कर्मचाऱ्याला देण्याची जबाबदारी विद्यापीठावर येते. स्वेच्छेने दिलेल्या राजीनाम्यात ती येत नाही.

दुसरी चूक घाईची, आणि ती कराराचा मसुदा करणारे विद्यापीठाचे कार्यालयही करते. वय 40 किंवा अधिक असलेल्या कर्मचाऱ्याने वयावरून झालेल्या भेदभावाचे दावे सोडायचे असतील, तर 1990 च्या संघीय कायद्यानुसार विचारासाठी किमान 21 दिवस द्यावे लागतात आणि सहीनंतर 7 दिवसांत करार मागे घेता येतो. एखादा विभागच बंद होत असेल आणि अनेकांना एकत्र प्रस्ताव दिला जात असेल, तर विचाराची मुदत 45 दिवसांची असते. वकिलाचा सल्ला घ्यावा, असे करारात लेखी सांगणेही आवश्यक असते. या अटी न पाळल्यास ते दावे सोडल्याचे कलम टिकत नाही आणि घेतलेले पैसे परत न करताही कर्मचारी दावा करू शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये ठरवले.

या 7 दिवसांना निरुपयोगी करणारी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. करारासोबत त्याच दिवशी तत्काळ लागू होणारा वेगळा राजीनामा लिहून घेतला, तर करार मागे घेऊनही राजीनामा तसाच उरतो आणि त्याबरोबर सेवेची कायमस्वरूपी हमी, म्हणजे टेन्युअरही, जाऊ शकते. म्हणून मागे घेण्याची मुदत उलटल्यावरच राजीनामा अमलात येईल, असे वाक्य करारातच असावे.

संशोधनाविषयी मौन बाळगणे ही चूकही महागात पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे (एनआयएच) संशोधन अनुदान बहुधा प्राध्यापकाच्या नावे नसून विद्यापीठाच्या नावे असते. विद्यापीठाने ते लेखी सोडल्याशिवाय नव्या संस्थेत नेता येत नाही. ही संमती, प्रयोगांच्या नोंदींची प्रत आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. विद्यार्थ्यांचा विचार शेवटच्या आठवड्यावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

गोपनीयतेच्या कलमावरही फार विसंबू नये. सरकारी विद्यापीठाचे करार अनेक राज्यांत सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागवता येतात आणि नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क कोणत्याही करारामुळे काढून घेता येत नाही.

आरोग्य विम्याची तारीख मात्र स्वतंत्रपणे विचारावी. विमा अनेकदा महिनाअखेरीपर्यंत चालतो. त्यानंतर कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावरही तोच विमा चालू ठेवू देणाऱ्या संघीय कायद्याखाली तो साधारण 18 महिने ठेवता येतो, पण निवड कळवायला 60 दिवसच असतात आणि हप्ता साधारणपणे संपूर्ण स्वतःच्या खिशातून जातो. तो काही महिने विद्यापीठाने भरावा, ही मागणी लेखी मांडायला संकोच करू नये.