दगड वाहतो कसा, गुळाच्या पाकात बघा

आमच्या ग्वाल्हेरला थंडी पडली की गजकवाले (गजक म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत वडी) खुंटीला पाक अडकवून ओढत बसतात, ते बघून भाचा म्हणाला मामा जमिनीखाली पण असंच पातळ असतं ना. नाही रे बाबा. मॅन्टल, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, घट्ट दगडच आहे, तरी वाहतो. घरी करून बघा.

पाव किलो चिकीचा गूळ घ्या, साध्या गुळाचा माझा पहिला घाणा कडकच झाला नाही. चमचाभर तूप घालून मंद गॅसवर ढवळत रहा, गार पाण्यात टाकलेला थेंब टक्कन मोडला की बंद, आणि तूप लावलेल्या थाळीत ओता. पाक फार वाईट भाजतो, पोरांना लांब ठेवा.

हाताला सोसेल इतका कोमट झाला की पट्टी काढून सावकाश ओढा, लांबते. अजून थोडा निवू द्या, हळू दाबलं तर जेमतेम वाकेल इतपत, आणि आता एकदम हिसका द्या. मोडली! पट्टी तीच, फरक फक्त घाईचा. वेळ साधायला दोन-तीनदा चुकाल. पार गार तुकडा मात्र कसाही वाकवा, तुटणारच.

मॅन्टलचं हेच. भूकंपाच्या एस लाटा द्रवातून जात नाहीत, मॅन्टलमधून जातात, म्हणजे सेकंदाच्या हिसक्याला तो घट्ट. पण स्कॅन्डिनेव्हियावरचा बर्फ साधारण 10,000 वर्षांपूर्वी वितळून वजन उतरलं तर तिथली जमीन अजून वर येतेय, बोथनियाच्या आखाताकडे वर्षाला जवळपास 1 सेंमी, कारण खालचा दगड हळूहळू सरकत तिथे भरतोय.

आणि उष्णता. खाली जाताना किलोमीटरला 25-30 अंश वाढतात, 300 च्या आसपास दगडातलं क्वार्ट्झ हे खनिज नरमतं म्हणजे 10-12 किलोमीटरवर, फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाला 450 तरी लागतात, मॅन्टलमधल्या ऑलिव्हिन या खनिजाला त्याहून बरेच जास्त.

एक कबूल करतो, गूळ काचेसारखा गोठतो आणि दगडात स्फटिक असतात. तिथे अणूंच्या रांगेतली एखादी चूक एकेक घर पुढे सरकते, लग्नाच्या हॉलातली जड सतरंजी अख्खी ओढण्याऐवजी आपण सुरकुती पाडून ती ढकलत नेतो ना, तसं.

नंतर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उरवाई दरवाज्याकडून चढा. वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे, भेगा पडलेल्या पण घड्या नाहीत, हा दगड तेवढा खोल जाऊन तापलाच नाही.

उरलेला पाक फेकू नका, पुन्हा गरम करून तीळ घाला आणि थापा.