रेनेसाँवर लिहिताय? आधी एक करारनामा वाचा

कलेतिहासाच्या पेपरात रेनेसाँचा, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाचा, प्रश्न आला की 'कलावंताला आत्माविष्काराचं स्वातंत्र्य मिळालं' हे वाक्य हातून आपोआप उतरतं. माझ्याही उतरलं आणि मार्क गेले. तुम्ही लिहू नका.

वाक्य पटतं, कारण आपल्या डोळ्यांपुढे आजचा चित्रकार असतो. तेव्हाचा, इटलीतल्या फ्लोरेन्स शहराचा चित्रकार ऑर्डरी घेणारा कारागीर होता, वैद्य नि औषधविक्रेत्यांच्या गिल्डमध्ये (व्यवसाय संघात) मोडणारा. तिथल्याच घिरलांदायो या चित्रकाराचा 1485 चा करार बघा. अनाथाश्रमाच्या चर्चसाठी 'मागींचं वंदन' (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष), मोबदला 115 फ्लोरिन (सोन्याची नाणी), मुदत 30 महिने. चित्र कागदावर दाखवलेल्या आराखड्याप्रमाणे, रंगांचा खर्च चित्रकाराचा. निळा रंग अल्ट्रामरीनच, म्हणजे दगड कुटून केलेला महागडा निळा, तोही औंसाला चारेक फ्लोरिनचा. (त्याचा दगड अफगाणिस्तानातून यायचा, भाव असणारच.) शिवाय सगळं 'स्वतःच्या हाताने' रंगवायचं. यात आत्मा शोधून सापडत नाही! दाम आणि हात, दोन्ही मात्र मोजलेत. आणि गंमत म्हणजे मुख्य चित्राखालची छोटी चित्रं शेवटी बार्तोलोमेओ दि जोव्हान्नी या दुसऱ्याच चित्रकाराने केली.

आता मागे जा. 1435 मध्येच आल्बेर्ती चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात सांगून गेला होता की सोनं चिकटवण्यापेक्षा साध्या रंगांनी सोन्याची झळाळी दाखवणारा जास्त कौतुकास्पद. म्हणजे पन्नास वर्षांनंतरही करारात महाग निळा आहेच. 'आधी रंग-सोन्यासारख्या सामानाला किंमत, मग कौशल्याला' अशी सरळ रेघ ओढणाऱ्या तयार नोट्स खुशाल रद्दीत घाला.

फ्लोरेन्सला रेखन श्रेष्ठ, व्हेनिसला रंग, हे तुम्हाला माहीत असेलच. फक्त चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हसारी तोस्कानाचा, म्हणजे फ्लोरेन्सच्याच प्रांतातला, तो रेखनाचीच बाजू घेणार, एवढं ध्यानात ठेवा.

घाबरू नका, नावं हळूहळू तोंडात बसतात. स्लाइड दाखवत तासभर बोलणाऱ्यापेक्षा चित्रातल्या कपड्यांच्या चुण्यांची नक्कल करायला बसवणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका. हाताला कळलेलं उत्तरात उतरतं. तसे सर नसले तर मसाच्चोच्या 'ट्रिनिटी' या फ्लोरेन्सच्या चर्चमधल्या भित्तिचित्राची प्रिंट काढा, पट्टी घ्या आणि चित्रातल्या छताच्या आत जाणाऱ्या रेघा खाली वाढवत न्या. त्या क्रुसाच्या पायथ्याच्या जरा खाली, चर्चमध्ये उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला एकत्र येतात.