स्वयंपाकघरातले विज्ञान : आदल्या दिवसाची तयारी

28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी प्रयोगाचे साहित्य विकत आणण्याची फारशी गरज नाही. कोकणातल्या स्वयंपाकघरात ते बहुतेक असतेच. मात्र प्रत्येक प्रयोग शिक्षकाने आदल्या संध्याकाळी त्याच साहित्याने स्वतः करून पाहिलेला असावा.

सर्वांत आधी रंगबदलाच्या प्रयोगासाठी आगळ, म्हणजे रातांब्यांचा (कोकमाच्या फळांचा) आंबट रस, मिळवावे. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकत असल्यामुळे फेब्रुवारीत गेल्या हंगामातल्या बरणीवरच भिस्त ठेवावी लागते. तीही रिकामी असल्यास आठ-दहा आमसुले कोमट पाण्यात भिजत घालावीत. आगळ इतके आंबट असते, की त्यात थेट खाण्याचा सोडा टाकल्यास नुसता फेस उसळतो आणि रंग जागचा हलत नाही. म्हणून पेलाभर पाण्यात चमचाभरच आगळ घ्यावे आणि सोडा चिमटीचिमटीने घालत जावा, म्हणजे लाली ओसरून पाणी निळसर-हिरवट छटेकडे झुकताना दिसते. पेल्याखाली आणि मागे पांढरा कागद हवा, अन्यथा शेवटच्या बाकावरच्या मुलांना सगळे काळेच दिसते.

हळदीचा पातळ लेप लावलेल्या कागदाच्या पट्ट्या रात्रीच वाळवून ठेवाव्यात. साबणाच्या पाण्याने त्या लाल होतात आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळ्या. पानाच्या डब्यातला चुनाही हेच करतो, परंतु तो डोळ्यांना घातक असल्याने मुलांच्या हाती देऊ नये.

अंडे तरंगवण्यासाठी मीठ हात राखून घेऊ नये. मी एकदा मोठ्या हौसेने किनाऱ्यावरून बादलीभर समुद्राचे पाणी आणले, अंडे तरंगेल असे मुलांना छातीठोकपणे सांगितले आणि ते सर्वांच्या देखत तळाशी जाऊन बसले. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ताजे अंडे वर यायला त्याच्या तिपटीहून अधिक, म्हणजे 120 ते 150 ग्रॅम मीठ लागते. आता मी समुद्राचे पाणी मुद्दाम आणतो, कारण अंदाज चुकला की प्रश्न आपोआप येतात. ज्या घरांत अंडे चालत नाही, तिथल्या मुलांसाठी बटाटा घ्यावा.

तिसऱ्या या खाण्याच्या कवचवाल्या मासळीच्या धुतलेल्या शिंपल्या आणि वाटीभर व्हिनेगर एवढ्यावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दिसतात. त्यासाठी वेगळी तयारी नको. प्रयोगाची भांडी खाण्याच्या भांड्यांत मिसळू नयेत आणि आगळाचे डाग पुसायला जुनी फडकी जवळ असावीत.

खोबरेलाची बाटली शेवटी. ते साधारण 24 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे पहाटे गोठलेली बाटली वर्ग भरेपर्यंत पातळ झालेली असते. यासाठी सकाळी मासळीबाजारातून थोडा बर्फ आणून तिच्याभोवती रचावा आणि पाळी येईल तेव्हा ती एकेका मुलाच्या तळहातात द्यावी.