क्षेत्रकार्यातील विद्यार्थ्याची क्षमता कशी जोखावी

एम. एस. डब्ल्यू.चा (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीचा) विद्यार्थी साधारणतः आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे सुमारे १५ तास, क्षेत्रकार्यासाठी संस्थेत येतो. सत्र संपताना संस्था पर्यवेक्षकापुढे मूल्यमापनाचा तक्ता येतो आणि त्यात ‘मेहनती’, ‘नम्र’, ‘वेळेवर येतो’ असे शेरे भरले जातात. हे शेरे स्वभावाविषयी आहेत. हा विद्यार्थी उद्या एखाद्या अडचणीतील कुटुंबासोबत एकट्याने काम करू शकेल का, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

म्हणून पहिल्या पंधरवड्यातच महाविद्यालयातील मार्गदर्शक, विद्यार्थी आणि संस्था पर्यवेक्षक म्हणून आपण एकत्र बसून काय पाहिले जाणार आहे ते लिहून काढावे. तक्त्यातील ‘संबंध प्रस्थापित करण्याचे कौशल्य’ हा रकाना तसाच ठेवल्यास प्रत्येक जण त्याचा आपापला अर्थ लावतो. त्याऐवजी, गृहभेटीत विद्यार्थी आपली ओळख आणि येण्याचे कारण सांगतो का, की उंबरठ्यावरूनच अर्ज भरायला घेतो, असे डोळ्यांना दिसेल ते लिहावे.

मूल्यमापनाचे सर्वांत मोठे साधन म्हणजे विद्यार्थ्याचे रेकॉर्डिंग, म्हणजे केलेल्या कामाची त्याने लिहिलेली नोंद. मात्र त्याचे अक्षर आणि पानांची संख्या यांवर भाळू नये. ‘महिलेचे समुपदेशन केले व तिला समजावले’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. आठवड्यातील निदान एका मुलाखतीचे संवादासह सविस्तर लेखन मागावे: ती काय म्हणाली, विद्यार्थी काय म्हणाला, त्या क्षणी त्याच्या मनात काय आले. समजा, कौटुंबिक समुपदेशन केंद्रात आलेली स्त्री सासरी परत जाण्याविषयी साशंक आहे आणि विद्यार्थिनीने तिला ‘मुलांचा विचार करा’ असे सांगितले. विद्यार्थिनीसोबतच्या वैयक्तिक चर्चेत या वाक्यावर थांबावे. निर्णय कोणाचा होता, तिच्या सुरक्षिततेविषयी विचारले का, कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातील निवासाचा हक्क तिला सांगितला का, हे विचारावे. चूक झाली एवढ्यावरून गुण कापण्याची घाई नको. पुढच्या दोन-तीन मुलाखतींत विद्यार्थिनीचे प्रश्न बदलले का, हे पाहावे.

रेकॉर्डिंग हे शेवटी विद्यार्थ्याने सांगितलेले असते. त्यामुळे सत्रात किमान दोनदा प्रत्यक्ष सोबत बसावे, अर्थातच समोरच्या व्यक्तीची संमती घेऊन, आणि कोणाला धोका नसेल तर मध्ये बोलू नये. (हे शेवटचे अनुभवी कार्यकर्त्यांना फार जड जाते.) पुष्कळदा असे दिसते की लेखनात अडखळणारा विद्यार्थी वस्तीतील बायकांच्या घोळक्यात सहज मिसळतो, आणि सफाईदार अहवाल लिहिणाऱ्याला तिथे बसायचे कुठे हेच कळत नाही.

काही बाबतींत मात्र सरासरी काढता येत नाही. मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले आणि विद्यार्थ्याने ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन दिले, तर त्याची गटकार्यातील चमक त्याची भरपाई करू शकत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) यानुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. गोपनीयतेची ही मर्यादा विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवलेली असणे ही आपली जबाबदारी होय. ती शिकवली होती आणि तरीही तो गप्प राहिला, तर नोंद गंभीर ठरते.

सत्राच्या मध्यावर लेखी आढावा घ्यावा. आधी विद्यार्थ्याकडून स्वतःचे मूल्यमापन लिहून घ्यावे, मग आपले मत मांडावे. कच्च्या बाजू उदाहरणे आणि तारखा देऊन सांगाव्यात. त्या पहिल्यांदा अंतिम तक्त्यातच दिसल्या, तर तो विद्यार्थ्यावर अन्याय होतो. याच वेळी एक अडचणीचा प्रश्न स्वतःला विचारावा: आपण त्याला काम दिले होते का? तीन महिने केवळ सर्वेक्षणाचे अर्ज आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या त्याच्या वाट्याला आल्या असतील, तर व्यक्तिसहाय्य कार्यात (एकेका व्यक्तीसोबत किंवा कुटुंबासोबत करायच्या कामात) तो कमी पडला असे म्हणता येणार नाही. त्या रकान्यात ‘संधी मिळाली नाही’ असे लिहावे आणि उरलेल्या आठवड्यांत दोन प्रकरणे त्याच्याकडे सोपवावीत.

अनुत्तीर्ण करण्याची वेळ आलीच, तर महाविद्यालयाच्या मार्गदर्शकाला शेवटच्या आठवड्यात नव्हे, मध्यावरच्या आढाव्यानंतर लगेच लेखी कळवावे, म्हणजे संस्था बदलणे किंवा क्षेत्रकार्याचे दिवस वाढवणे हे पर्याय शिल्लक असतात.