कावा द्यायचा म्हणजे काय, आणि कसा द्यायचा

महालक्ष्मी रेसकोर्सवर सकाळी घोडेस्वारी शिकायला येणारी मुलं 'लंजिंग' म्हणजे काय विचारतात, तेव्हा मी त्यांनाच विचारते, "गनिमी कावा ऐकलाय ना?" चौथीच्या इतिहासात सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण कावा हा घोड्यांच्या जगातलाही शब्द आहे, हे सांगितलं की डोळे विस्फारतात.

घोड्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवणं म्हणजे कावा देणं, तेच लंजिंग. हिंदीतही 'कावा काटना' म्हणतात. गोल वळत, हुलकावणी देत निसटायचं. डावपेच हा अर्थ यातूनच आला असावा, असं मला मनापासून वाटतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घोड्यांच्या चाली सांगताना 'वल्गन' येतं, तीही वर्तुळातलीच चाल. 'लंज' मात्र फ्रेंच 'लाँज'वरून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'लाँगुस', म्हणजे लांब. परक्यांनी दोरीवरून नाव ठेवलं, आपण फिरण्यावरून. मला आपलं नाव जास्त आवडतं, कारण दोरी हे नुसतं साधन आहे.

दोरी साधारण आठ मीटरची घ्या. हातमोजे घालाच. मी पहिल्या वर्षी मोजे न घालता उभी राहिले, घोडा दचकून सुटला आणि तळहाताची साल निघाली. दोन आठवडे भाकरी थापता आली नाही. उरलेली दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. घड्या घालून, मागेपुढे दुमडून मुठीत धरायची. घोड्याने ओढ घेतली तर घड्या सुटतात, वेटोळं मात्र बोटांवर आवळतं. खोगीर चढवलेलं असेल तर रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, वर सरकवून अडकवा, नाहीतर त्या बरगड्यांवर आपटत राहतात.

घोडा डावीकडे फिरत असेल तर दोरी डाव्या हातात, चाबूक उजव्या. तुम्ही, घोड्याचं तोंड आणि त्याचा पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, असा त्रिकोण डोळ्यांसमोर ठेवा. दोरी तोंडाकडे जाते, चाबकाचं टोक मागच्या पायांकडे. मारायचं नाही, नुसतं दाखवायचं. घोडा आत येऊ लागला तर टोक खांद्याकडे न्या, तो बाहेर सरकतो. तुम्ही त्याच्या खांद्याच्या पुढे सरकलात तर तो थांबतो किंवा उलटा वळतो. नवशिक्यांची नव्वद टक्के गडबड इथेच होते, असा माझा अनुभव. पाय जवळजवळ एकाच जागी ठेवून, घोड्याबरोबर वळत राहा.

आवाज सगळ्यांत महत्त्वाचा. चाल वाढवायची तर शब्द चढत्या सुरात, "ट्रॉऽट!" थांबवायचं तर खाली उतरणारा, लांबवलेला "होऽऽ". एका घोड्याला रोज तेच शब्द, तोच सूर. आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, नुसते कुजबुजले तरी घोडा थांबतो.

वर्तुळ मोठं हवं, व्यास पंधरा मीटरच्या आत आणू नका. लहान वर्तुळात सांध्यांवर फार ताण येतो. आधी साधी चाल, मग दुडकी, म्हणजे ट्रॉट, आणि दर चार-पाच मिनिटांनी दिशा बदला. बहुतेक घोडे एका बाजूला अवघडलेले असतात; त्या बाजूला जास्त वेळ लागतो म्हणून रागावू नका. सगळं मिळून वीस मिनिटं पुरे.

पाऊस पडून जमीन निसरडी झाली असेल, तर कावा देऊच नका. त्या दिवशी घोड्याला हातात धरून चालवा.