कामावरचा डबा करताना या चुका टाळा

नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर येथे खोली घेऊन राहणारी तरुण मंडळी स्वयंपाक शिकू लागली की रोज नवा पदार्थ करण्याचा घाट घालतात, आणि आठवड्याअखेरीस अर्ध्या वापरलेल्या भाज्या सुकून पैसे वाया जातात. आधी दोन कोरड्या भाज्या, पिठले आणि शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी एवढेच हातात बसू द्यावे. चटणीत पाण्याचा अंश नसेल, तर ती आठवडाभर सहज टिकते.

सर्वाधिक तक्रारी भाकरीच्या असतात. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे थंड पाण्यात भिजवलेले पीठ धरून राहत नाही आणि थापताना कडा चिरतात. म्हणून पाणी चांगले गरम घ्यावे, एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळावे आणि ते तळहाताने रगडून मऊ करावे. इतके करूनही भाकरी चिरत असेल, तर दळण जुने होऊन पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, गेली आहे असे समजावे. एकट्या माणसाने महिन्याचे दळण एकदम आणू नये. तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून फिरवलेले पाणी पूर्ण वाळण्याआधी ती उलटावी, नाहीतर तडे जाऊन ती फुगत नाही.

पिठल्यात गुठळ्या होत असतील, तर बेसन आधी थंड पाण्यात कालवून मगच फोडणीत ओतावे. पिठले दुपारपर्यंत घट्ट होते, त्यामुळे सकाळी ते थोडे सैलच ठेवावे.

स्वयंपाक चांगला झाला तरी तो डब्यात भरताना बिघडू शकतो, याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. वाफाळती भाजी झाकणबंद केली, की वाफेचे पाणी होऊन तिच्यातच उतरते, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जात असताना ती दुपारपर्यंत आंबते. भाजी ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी; भाकरीही तशीच निववून सुती फडक्यात गुंडाळावी. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र सकाळी फोडणी देऊन कधीही नेऊ नये, कारण त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. उरलेला भात रात्रीच फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल, तर मोजूनच शिजवावा.

ज्या दिवशी उशीर होणार हे आधीच ठाऊक असेल, त्या दिवशी भाजीच्या नादी न लागता धपाटे करावेत.