मासा वगळून जपानी स्वयंपाक: सुरुवात दाशीपासून

जपानी जेवणात भाज्या, टोफू, समुद्री शेवाळ आणि डाळी भरपूर असतात, तरी शाकाहारी माणसाची फसगत होते, कारण मासा दिसत नाही, तो पाण्यात उतरलेला असतो. सूप, भाजीचा रस, नूडल्सचं पाणी, टोफूवरचा सॉस या सगळ्याचा पाया म्हणजे दाशी, चव उतरवलेलं पाणी (स्टॉक). नेहमीची दाशी कात्सुओबुशीची (बोनिटो माशाच्या वाळवलेल्या कपच्या) किंवा निबोशीची (सुकवलेले छोटे मासे) असते. दाशी शाकाहारी झाली की निम्मं काम झालं. ती चुकली तर पुढे कितीही सोया सॉस ओता, पदार्थ खारट होईल पण भरीव लागणार नाही.

झेन मठांतल्या शोजिन र्योरी या शाकाहारी पाककलेने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. दोगेन या भिक्षूने मठातल्या आचाऱ्यासाठी 1237 मध्ये सूचना लिहून ठेवल्या, इतकी ही परंपरा जुनी आहे. काटेकोर शोजिनमध्ये कांदा, लसूण, पातीचा कांदा हेही चालत नाहीत, त्यामुळे चवीची सगळी भिस्त कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम यांवर.

दाशी

कोम्बू म्हणजे मुख्यतः होक्काइदोच्या किनाऱ्यावरचं जाड समुद्री शेवाळ. 1 लिटर पाण्याला 10 ग्रॅम, म्हणजे साधारण तळहाताएवढा तुकडा. नुसत्या सूपला एवढा पुरतो, पण सोया सॉस घालून रस्सा किंवा बुडवायचा सॉस करायचा असेल तर 15 ते 20 ग्रॅम घ्या. कोम्बूवरची पांढरी भुकटी बुरशी नाही, ती धुऊ नका. ओल्या फडक्याने फक्त माती पुसा. तुकडा थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की काम झालं. घाई असेल तर अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवा आणि पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की उकळी यायच्या आत कोम्बू बाहेर काढा. उकळू दिला तर पाणी बुळबुळीत होतं आणि शेवाळाचा उग्र वास येतो.

सुक्या शिताकेंची दाशी वेगळी करायची. मध्यम आकाराचे 4 मशरूम 400 मिली थंड पाण्यात, फ्रिजमध्ये रात्रभर. कोमट पाण्यात झटपट भिजवण्याचा मोह होतो, पण तिथेच चव हातची जाते. शिताकेतलं ग्वानिलेट हे चवीचं द्रव्य पाणी 60–70 अंशांवर तापत असताना तयार होतं. 40–50 अंशांच्या आसपास मशरूममधलंच एक विकर (एन्झाइम) ते द्रव्य मोडून टाकतं. म्हणून थंड भिजवा, गाळा, मग आच देऊन एक उकळी आणा आणि वर आलेला फेस काढा.

आता मिसळणी. 3 भाग कोम्बूची दाशी, 1 भाग शिताकेची. शिताके याहून जास्त झालं तर प्रत्येक पदार्थाला एकच मशरूमी चव येते. नवशिक्यांचा शाकाहारी जपानी स्वयंपाक बहुतेक इथेच कंटाळवाणा होतो. दोन्ही एकत्र का? कोम्बूत ग्लुटामेट असतं (रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 1908 मध्ये ते कोम्बूतूनच वेगळं काढून त्या चवीला उमामी म्हटलं) आणि ग्लुटामेटला ग्वानिलेटची जोड मिळाली की चव बेरजेने नाही, कित्येक पटींनी वाढते. नेहमीच्या दाशीत हेच काम मासा करतो.

उरलेला कोम्बू फेकू नका. बारीक पट्ट्या कापून सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची वाइन), थोडी साखर आणि चमचाभर व्हिनेगर घालून पाणी आटेपर्यंत शिजवला की भाताबरोबर तोंडी लावणं होतं. व्हिनेगरने तो मऊ होतो.

केनचिनजिरू

कामाकुराच्या केनचो-जी मठाशी नातं सांगणारं हे कंदमुळांचं सूप दाशीची खरी परीक्षा घेतं. चौघांसाठी: दाइकोन मुळा 200 ग्रॅम, गाजर 1, गोबो (लांब तपकिरी मूळ) 70 ग्रॅम, सातोइमो म्हणजे अळकुड्या 3, कोनन्याकू अर्धी लादी, घट्ट मोमेन टोफू 300 ग्रॅम, दाशी 1 लिटर, भिजलेले शिताके.

कोनन्याकू ही सुरणाच्याच कुळातल्या कंदाची लादी. ती सुरीने न कापता हाताने तोडा, खडबडीत कडांना चव धरते. मग 2–3 मिनिटं उकळून पाणी फेका, नाहीतर तिचा वास सूपभर पसरतो. गोबो कापल्याबरोबर पाण्यात टाका, पण 5 मिनिटांहून जास्त नको, सुगंध निघून जातो. टोफू फडक्यात गुंडाळून 20 मिनिटं पाणी काढा.

पातेल्यात 1 मोठा चमचा तिळाचं तेल तापवून आधी गोबो आणि कोनन्याकू, मग बाकीच्या भाज्या 3–4 मिनिटं परता. ही पायरी गाळली तर सूप पाणचट लागतं, कारण मांस-मासा नसताना अंगचा स्निग्धपणा इथूनच येतो. टोफू हाताने कुस्करून घाला, जरा परता, दाशी ओता. उकळी आली की फेस काढून आच मंद करा. सोया सॉस एकूण अडीच मोठे चमचे: निम्मा 10 मिनिटांनी, भाज्यांत मुरायला, निम्मा अगदी शेवटी, वासासाठी. अळकुडीत काडी सहज गेली की झालं. मीठ त्यानंतरच, चव बघून.

आगेदाशी टोफू

सॉस 4:1:1 या प्रमाणात: 200 मिली दाट दाशी, 50 मिली सोया सॉस, 50 मिली मिरिन. मिरिन आधी मिनिटभर उकळून त्यातला मद्यार्क उडवा. टोफूचे तुकडे पुसून बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवा आणि लगेच 175 अंश तेलात सोडा. घोळवून ठेवले तर स्टार्च ओला होऊन चिकट लगदा होतो, आणि मग तुकडे कढईला किंवा एकमेकांना धरतात. 3–4 मिनिटांत फिकट सोनेरी कवच येतं, गडद रंगाची वाट बघू नका. सॉस वरून न ओतता बाजूने सोडा, म्हणजे वरचं कवच कुरकुरीत राहतं. वर किसलेलं दाइकोन आणि आलं. दाइकोनचं पाणी हलक्या हाताने पिळा, कोरडं करू नका.

गोमा-दोफू

नावात दोफू असलं तरी यात सोयाबीन नाही. ही तीळ आणि कुझू (एका वेलीच्या मुळांचं स्टार्च) यांची वडी, कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांची खासियत. 50 ग्रॅम कुझू, 50 ग्रॅम पांढऱ्या तिळाची बिनसाखरेची पेस्ट, 450 मिली कोम्बूची दाशी (शिताके इथे नको, रंगही काळवंडतो), चिमूटभर मीठ. कुझूच्या पाकिटावर होन-कुझू लिहिलेलं बघा. नुसत्या कुझूत बऱ्याचदा रताळ्याचं स्टार्च मिसळलेलं असतं.

कुझूचे खडे थंड दाशीतच विरघळवा, पेस्ट घोटून मिसळा, सगळं गाळून घ्या. मध्यम आचेवर लाकडी उलथन्याने तळ खरवडत हलवत राहा. आधी तळाशी गुठळ्या धरतात, घाबरू नका, आच कमी करून जोराने घोटा. मिश्रण एकजीव झालं की बहुतेक लोक थांबतात आणि तिथेच चुकतात. तिथून पुढे मंद आचेवर आणखी 10–12 मिनिटं घोटायचं. पिठूळपणा जातो, चकाकी येते, गोळा पातेल्याच्या कडा सोडतो. ओल्या साच्यात ओतून आपटून हवा काढा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवा आणि साचा थंड पाण्यात ठेवा. त्याच दिवशी खा. फ्रिजमध्ये रात्रभर राहिलं तर कडक होतं आणि पाणी सोडतं. वर वासाबी आणि सोया सॉसचे दोन थेंब पुरतात.

पालकाची गोमा-आए त्यामानाने सोपी. 200 ग्रॅम पालक 40 सेकंद उकळत्या पाण्यात, मग थंड पाण्यात, मग घट्ट पिळून. 2 मोठे चमचे भाजलेले तीळ अर्धवट कुटून, 1 मोठा चमचा सोया सॉस, 1 लहान चमचा साखर. वाढायच्या वेळीच कालवा.

बाहेरचं आणि पाकिटातलं

पाकिटावर कात्सुओ (बोनिटो), साबा (बांगडा), निबोशी किंवा नुसतं ग्योकाई (मासे-शिंपले) असे शब्द दिसले तर मासा आहे. दाशी-इरी (दाशी घातलेली) लिहिलेल्या मिसोत, मेनत्सुयूत (नूडल्सचा तयार सॉस), पोन्झूत (लिंबूवर्गी फळांचा आंबट सॉस) आणि बऱ्याच लोणच्यांत तो बहुधा असतो. हॉटेलात शाकाहारी एवढंच सांगून भागत नाही, दाशीला मासा मानायची सवय तिथे नाही. "कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?" (यात बोनिटोची दाशी आहे का?) असं थेट विचारा. आगेदाशी टोफू, इनारी-सुशी आणि उदोनचा रस्सा यांबद्दल आवर्जून विचारा. भाज्यांचा तेंपुरा मागवलात तर सोबतच्या तेनत्सुयूतही (बुडवायचा सॉस) बहुधा मासा असतो, त्याऐवजी मीठ मागा. पिठात अंडं आहे का, हे वेगळं विचारावं लागतं.